टाइमआउटची टेस्ट कुठे आहे?

सर्व्हरला प्रश्न विचारला की तीनपैकी एक उत्तर मिळतं: हो, नाही, किंवा काहीच नाही. पहिल्या दोन उत्तरांच्या टेस्ट अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत ढिगाने सापडतील. तिसऱ्याची टेस्ट दाखवा म्हटलं की मंडळी एकमेकांकडे बघू लागतात. बॅकएंडच्या स्वयंचलित टेस्टचा आढावा लिहिताना या तिसऱ्या उत्तराला मी जास्त जागा देणार आहे. माझी उमेदीची वर्षं त्याच्यासाठी भांडण्यात गेली आहेत.

आधीचा काळ झटपट उरकतो. अंधेरीचं सीप्झ १९७३ साली इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी उभं राहिलं आणि बघता बघता सॉफ्टवेअर निर्यातीचं मोठं ठाणं झालं. तिथली शिस्त कागदावरची होती. काय द्यायचं, काय यायला हवं, काय आलं, असे रकाने आणि खाली सही. ग्लेनफर्ड मायर्सचं टेस्टिंगवरचं पुस्तक १९७९ चं. चुका शोधायच्या इराद्यानेच प्रोग्रॅम चालवायचा, हा त्याचा आग्रह. तो आग्रह सीप्झमधल्या जुन्या लोकांच्या अंगात मुरलेला होता, पुस्तक न वाचताही. मग वायटूके आलं आणि तारखांच्या टेस्टवर सगळ्या उपनगरांचं पोट भरलं. मग विनरनरसारखी पडद्यावरची बटणं दाबणारी साधनं आली. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. बटणाचा रंग बदलला की टेस्ट पडायची आणि पडद्यामागच्या सर्व्हरची विचारपूस कुणीच करत नसे.

खरी सुरुवात जेयुनिटपासून. १९९७ साली केंट बेक आणि एरिक गामा यांनी झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात त्याचा पहिला खर्डा लिहिला. प्रोग्रॅमरने स्वतःच्या कोडची टेस्ट स्वतःच, कोडमध्येच लिहायची, ही कल्पना आपल्याकडे पचायला वेळ लागला. ‘टेस्टिंगची वेगळी टीम आहे ना?’ हे वाक्य मी मरोळच्या एमआयडीसीत किती जणांच्या तोंडून ऐकलं! मालाडचं माइंडस्पेस आणि गोरेगावचं निर्लॉन भरू लागलं, तोवर नवी मुलं सवयीने टेस्ट लिहू लागली होती.

आणि तिथेच मॉकचा, म्हणजे टेस्टमध्ये खऱ्याच्या जागी बसवलेल्या सोंगाचा, सुळसुळाट झाला. डेटाबेसचा मॉक, रांगेचा मॉक, पलीकडच्या बँकेचा मॉक. ‘युनिट टेस्टने डेटाबेसला हात लावता कामा नये’ असं छातीठोक सांगणारी एक पिढीच आपल्याकडे मोठ्या हुद्द्यांवर बसली. त्यांच्याशी माझं कधी पटलं नाही, आजही पटत नाही. ज्या सर्व्हिसचं कामच मुळी एका तक्त्यातून पैसे काढून दुसऱ्यात टाकणं हे आहे, तिच्या चुका डेटाबेसच्या सीमेवरच होतात. दोन मागण्या एकाच क्षणी एकाच खात्यावर आल्या, एकीने कुलूप धरलं, दुसरीने जुनी शिल्लक वाचली. हे मॉक कधीच दाखवणार नाही, कारण मॉक लिहिणाऱ्याच्या मनातलंच परत सांगतो. माइक कोनने २००९ च्या पुस्तकात टेस्टचा पिरॅमिड मांडला: तळाशी पुष्कळ छोट्या टेस्ट, वर मोजक्या मोठ्या. आमच्याकडे त्या चित्राची पोथी झाली. पैशाच्या सर्व्हिसमध्ये जाड हवा तो मधला थर: खरा डेटाबेस, खरं एचटीटीपी, फक्त पलीकडची बँक खोटी. पूर्वी ‘खरा डेटाबेस उभा करायला वेळ लागतो’ ही सबब चालून जायची. २०१५ मध्ये टेस्टकंटेनर्स आलं, खरा पोस्टग्रेस काही सेकंदांत उभा राहू लागला, आणि ती सबब संपली. तरी लोक ती अजून देतात.

आता माझ्या विषयाकडे. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये आयएमपीएस सुरू झालं, एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयने एका महिन्यात १,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. हे सगळं ज्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचं, तिचा कारभार मुंबईतूनच चालतो. त्याला जोडलेल्या सर्व्हिस लिहिणारे कितीतरी हात आपल्या उपनगरांत आहेत. आणि स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीवर रोज ऐकू येणारी तक्रार एकच: ‘पैसे कट झाले, पण पोचले नाहीत.’

हे वाक्य जसंच्या तसं टेस्टमध्ये उतरवता येतं. खोटी बँक उभी करायची; वायरमॉकसारख्या साधनाला ठरावीक उशीर करायला किंवा मधेच जोडणी तोडायला सांगता येतं. तिला सांगायचं की मागणी घे, पैसे नावे टाक, पण उत्तर देऊ नकोस. आपली सर्व्हिस ठरलेला वेळ थांबते, मग काय करते? इथे बहुतेक कोड ‘अयशस्वी’ असा शेरा मारून मोकळं होतं. ते खोटं आहे. पैसे गेलेत की नाहीत, हे त्या क्षणी कुणालाच माहीत नाही, म्हणून व्यवहाराला ‘प्रलंबित’ ही तिसरी अवस्था हवी आणि टेस्टने ती मागायला हवी. पुढची पायरी: सर्व्हिस तीच मागणी पुन्हा पाठवते. दोन्ही वेळा व्यवहाराचा क्रमांक तोच आहे का? असेल तर बँकेने पैसे एकदाच वळते करायला हवेत. त्याच्याही पुढची: पैसे परत करण्याची नोंद आधी आली आणि मूळ व्यवहाराचं ‘यशस्वी’ असं उत्तर उशिरा, तिच्यामागून आलं. हा उलटा क्रम कुणी कागदावर लिहीत नाही, पण रात्री गर्दीच्या वेळी तोच येतो. आणि प्रत्येक टेस्टच्या शेवटी एकच तपासणी: सगळ्या खात्यांची जमा आणि नावे यांची बेरीज जुळते का? आपल्या पेढ्यांवरचे मुनीम दिवा मालवण्याआधी जे करत, तेच. मधल्या एकेका फंक्शनने काय परत दिलं हे शंभर ठिकाणी तपासण्यापेक्षा ही एक ओळ मोलाची आहे, असं माझं ठाम मत आहे.

हे मी शिकलो ते कुठल्या परिषदेत नाही. आमच्या टीममध्ये मुलुंडच्या एक बाई होत्या, पदाने साध्या टेस्टर. रिलीजच्या बैठकीत सगळ्यांचं सांगून झालं की त्या विचारायच्या, ‘आणि मधेच लाइट गेली तर?’ तरुण मुलं कंटाळायची. मी तो प्रश्न वहीत लिहून घ्यायचो आणि त्याची टेस्ट लिहून घ्यायचो. पुढे ठिकठिकाणी टेस्टिंगचे विभाग बंद झाले, ‘आता सगळे डेव्हलपरच’ असा फतवा निघाला. टेस्ट लिहिण्याचं काम डेव्हलपरकडे आलं हे योग्यच झालं, पण अशा बायकांच्या डोक्यातला तो प्रश्नसंग्रह कोडमध्ये आणण्याची तसदी कुणी घेतली नाही. त्याची हळहळ मला आजही वाटते.

घड्याळ आणि पंचांग हाही माझा आवडता प्रांत. सर्व्हर यूटीसीवर चालतो आणि आपण साडेपाच तास पुढे, म्हणून रात्री बारा ते पहाटे साडेपाच सर्व्हरची तारीख कालची असते. दिवसाची मर्यादा मध्यरात्री नव्याने सुरू व्हायच्या ऐवजी पहाटे सुरू होते, आणि दुपारी चालणाऱ्या टेस्टला हे कधीच दिसत नाही. म्हणून वेळ बाहेरून देता आली पाहिजे. कोडने थेट घड्याळ बघायचं नाही. शेअर बाजाराशी जोडलेल्या सर्व्हिसना तर हे दुप्पट लागू. दिवाळीत बाजाराला सुट्टी, तरी मुहूर्ताच्या सौद्यासाठी तासभर उघडा. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले, पावणेचारला पुन्हा सुरू झाले आणि पाचपर्यंत चालले. साडेतीनला बाजार बंद, असं कोडमध्ये कोरून ठेवणाऱ्याने त्या दिवशी काय केलं असतं? एक्स्चेंज शनिवारी मॉक ट्रेडिंग घेतात, २०२४ मध्ये २ मार्च आणि १८ मे या शनिवारी तर पर्यायी केंद्रावरून प्रत्यक्ष सौदे करून पाहिले. ही परंपरा मला फार आदराची वाटते.

तसंच नावांचं. टेस्टमधली माणसं अजून ‘जॉन डो’ का असतात? कुऱ्हाडे हे आडनाव घाला. त्यातला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक अखंड चिन्ह म्हणून आणि एक र ला नुक्ता जोडून. डोळ्याला दोन्ही सारखे, पण सामान्यीकरण न करता तुलना केली तर वेगळे. यूटीएफ-८ मध्ये ३० बाइटच्या रकान्यात देवनागरीची दहाच चिन्हं मावतात. केवायसीमध्ये नाव जुळत नाही म्हणून परत पाठवलेल्या माणसाला यातलं काहीही माहीत नसतं.

लोड टेस्टिंग, काँट्रॅक्ट टेस्टिंग, ककंबरची इंग्रजी वाक्यं यांच्यावर इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. काँट्रॅक्ट टेस्टिंग उपयोगाचं आहे, एवढं म्हणून पुढे जातो.

आजची स्थिती मला बेचैन करते. पडलेली टेस्ट आपोआप तीनदा चालवायची आणि एकदा हिरवी झाली की बिल्ड पास, ही आता रीत झाली आहे. अधूनमधून पडणारी टेस्ट बहुतेक वेळा तोच उलटा क्रम दाखवत असते, ज्याच्या शोधात आम्ही रात्री काढल्या. कव्हरेज ८० टक्के झालं की बोनसच्या तक्त्यात खूण होते. कोडची ओळ नुसती चालली की तपासली गेली, हे कुणी विचारत नाही. आणि आता टेस्ट लिहायला यंत्र आहे. ते कोड वाचतं आणि कोड जे करतं तेच बरोबर, असं सांगणारी टेस्ट लिहून देतं. चूक कोडमध्ये असेल तर टेस्ट त्या चुकीची राखण करते.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी म्हणून कोड उघडू देत नाही. आधी रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक वाचायला लावतो, फसलेले व्यवहार किती दिवसांत उलटवायचे ते सांगणारं, आणि त्यातल्या तक्त्याच्या प्रत्येक ओळीची टेस्ट हाताने लिहायला सांगतो. यूपीआयने खात्यात पाठवलेले पैसे पोचले नाहीत तर व्यवहारानंतर एका दिवसात परत, दुकानदाराला दिलेल्याची खातरजमा आली नाही तर पाच दिवसांत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. दोन्हींना एकच मुदत लावणारा कोड यातल्या एका ओळीवर पडतो. आणि दिवस मोजायचे ते कॅलेंडरचे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री अडकलेल्या पैशांना पाडव्याची बँकेची सुट्टी वगळून एक दिवस वाढवून देणारा कोड मी पाहिला आहे. त्याच्या सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या, कारण सुट्टी वगळायची हे त्या टेस्टनेही कोडकडूनच उचललं होतं.