कोरड्यास म्हणणारा माणूस

हेदवीच्या उमा-महेश्वर मंदिरापासून बामणघळीकडे जायची वाट काळ्या कातळावरून आहे. भरतीची लाट खडकातल्या त्या अरुंद भेगेत शिरली की पाणी उंच उसळतं. ते बघायला पर्यटक भरतीची वेळ विचारून येतात. आम्ही ओहोटीची वेळ विचारून गेलो होतो. तिथे चार दिवस एक माणूस बसून होता. कुणी जवळ गेलं की तो उठून समुद्राच्या बाजूला सरकायचा, आणि भरतीला त्याच्यामागे जागाच उरत नव्हती.

माझ्याबरोबरच्या ताई रत्नागिरीत बेघर मनोरुग्णांसाठी काम करतात. लेखात नाव नको म्हणाल्या, म्हणून ताईच. गावच्या पोलीस पाटलांनी पोलिसांना कळवलं होतं. दोन पोलीस आणि आरोग्य खात्याची गाडी असा सगळा सरंजाम आला होता. ताईंनी त्या सगळ्यांना मंदिरापाशी थांबवलं आणि स्वतः त्या माणसापासून दहा-बारा पावलांवर जाऊन बसल्या. त्याच्याकडे बघितलंही नाही. बिस्किटांचा पुडा फोडला, एक स्वतः खाल्लं आणि उरलेला पुडा मध्ये कातळावर ठेवला.

पाऊण तास काहीच झालं नाही. मी घड्याळ बघत होतो, पोलीस अस्वस्थ होत होते. ताई मात्र हलल्या नाहीत. हळूच मला म्हणाल्या, "ही जागा आत्ता त्यांचं घर आहे. न विचारता आत कसं जायचं?"

मग त्याने हात लांब करून पुडा ओढला.

असा माणूस "उचलायचा" असतो अशी आपली कल्पना असते. चार जण मिळून धरायचा, गाडीत घालायचा, डोकं भादरून आंघोळ घालायची आणि त्याचं घाणेरडं बोचकं जाळून टाकायचं. ताईंच्या कामात यातलं काहीच नव्हतं. जटा कापू का, असं त्यांनी तीनदा विचारलं. तो नाही म्हणाला, तर कापल्या नाहीत. कायदाही हेच सांगतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाचं सक्तीने मुंडण करायला स्पष्ट मनाई केली आहे.

उजव्या टाचेत खोल जखम होती आणि तिच्यात अळ्या पडल्या होत्या. ताईंबरोबर आलेल्या परिचारिकेने टर्पेंटाइन तेलात भिजवलेला कापूस जखमेवर धरला. वासाने अळ्या वर येऊ लागल्या तशी चिमट्याने एकेक काढून वाटीत टाकू लागली. तो ओरडला नाही. इतक्या यातना सोसून माणूस ओरडत नाही, हे मला सर्वांत जास्त लागलं. डोळे मिटून तो बोटांनी बोचक्याची गाठ चाचपत होता.

ते बोचकं त्याने नंतर आपणहून सोडून दाखवलं. रिकाम्या बाटल्या होत्या, शर्टाची एक बाही होती आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घातलेली एसटीची तिकिटं होती. हल्ली यंत्रातून निघणाऱ्या तिकिटांची शाई उडून जाते. बहुतेक तिकिटं कोरी पांढरी झाली होती. एकावर उन्हात धरल्यावर "चिपळूण" एवढंच वाचता आलं. ताईंनी एकूण एक तिकिटाचा फोटो काढला आणि पिशवी होती तशी त्याच्या हातात दिली.

अंगावर धड कपडा नसलेल्या माणसाकडे इतकी तिकिटं कुठून? ताई म्हणाल्या, "लोक काढून देतात. गावात नको असतो ना, मग बसवून देतात पुढच्या गाडीत."

मला मान वर करवेना. काही वर्षांपूर्वी आमच्या गावात पाराजवळ एक बाई येऊन राहिली होती. स्वतःशीच बोलायची, रात्री ओरडायची. लोकांनी वर्गणी काढून तिला एसटीत बसवलं. त्या वर्गणीत माझे दहा रुपये होते, आणि आपण भलं काम केलं असं तेव्हा मला खरंच वाटलं होतं. ती कुठे उतरली असेल, हे मी त्या दिवशी कातळावर बसेपर्यंत कधी मनातही आणलं नव्हतं.

जवळच्या घरातल्या काकींनी भात आणि कुळथाची पिठी पाठवली. तो सावकाश जेवला. ताट पुसून घेतल्यावर त्या दिवसातलं पहिलं पुरं वाक्य बोलला, "कोरड्यास ब्येस हाय." काकी हसल्या, त्यांना शब्द कळला नाही. ताईंनी मात्र लगेच वही काढली. भाकरीभाताबरोबरच्या कालवणाला कोरड्यास म्हणणारा माणूस कोकणातला नव्हे, तो घाटावरचा. सातारा, सांगली, कोल्हापूर, फार तर सोलापूर. नाव-गाव विचारलं असतं तर तो गप्प बसला असता. चार दिवस गावकऱ्यांनी तेच विचारलं होतं. ताई नावाचा प्रश्न शेवटी ठेवतात. आधी जेवण, मग पीकपाणी, मग गावची जत्रा. माणूस स्वतःचं नाव विसरला, तरी आईने वाढताना वापरलेला शब्द त्याच्या जिभेवर राहिलेला असतो.

गर्दीतल्या एका आजोबांचं म्हणणं पडलं की हे बाहेरचं आहे, देवाला गाऱ्हाणं घालायला हवं. ताई वाद घालत बसल्या नाहीत. "घाला ना आजोबा, आम्ही गोळ्याही सुरू करतो," एवढंच म्हणाल्या.

पुढचा भाग कागदांचा. त्याच कायद्याच्या कलम 100 प्रमाणे, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण हद्दीत भटकताना आढळला तर त्याला संरक्षणात घेणं हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे. 24 तासांच्या आत त्याला जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यावं लागतं आणि कोठडीत ठेवता येत नाही. बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घेणंही पोलिसांकडेच. आलेल्या पोलिसांपैकी एकाने हे कलम ताईंच्या मोबाइलवर तिथेच वाचून काढलं आणि म्हणाला, "म्हणजे आम्ही उपकार करत नाही, ड्युटीच आहे." मला त्या तरुण पोलिसाचं फार कौतुक वाटलं.

डॉक्टरांनी तपासून रत्नागिरीची चिठ्ठी दिली. तवसाळहून फेरीबोटीने खाडी ओलांडून जयगडला, तिथून रत्नागिरी. बोटीवर तो गाडीतून उतरला आणि पाणी बघत उभा राहिला. ताई एका हाताच्या अंतरावर होत्या, पण त्यांनी त्याला धरलं नाही.

रत्नागिरीचं मनोरुग्णालय 1886 सालचं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि हे, अशा राज्याच्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतलं सगळ्यांत लहान. भिंतींच्या आत माणूस वर्षानुवर्षं पडून राही तो काळ कायद्याने तरी मागे टाकला आहे. घरचं कुणी नाही एवढ्या कारणासाठी कुणालाही रुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही. पण मग त्याने जायचं कुठे? कुडाळजवळ पणदूरला संविता आश्रम आहे. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे. 1988 पासून रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवण्याच्या कामासाठी वाटवानींना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2011 च्या जनगणनेत देशात 17 लाखांहून जास्त माणसं बेघर मोजली गेली, त्यांतली 2 लाखांहून जास्त महाराष्ट्रातली. त्यांच्यापुढे हे आश्रम किती अपुरे आहेत हे सांगायला नको.

घर सापडलं म्हणजेही काम संपत नाही. कुठे भावांनी जमीन वाटून घेतलेली असते, कुठे श्राद्धही उरकलेलं असतं. गोळ्या चार महिन्यांत बंद पडतात आणि माणूस पुन्हा वाटेला लागतो. म्हणून ताई घरी सोडून आल्यावर दर महिन्याला फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला, "गोळ्या कुणाच्या हातात आहेत?"

हेदवीच्या त्या माणसाची जखम भरत आली आहे. जटा त्याने तिसऱ्या आठवड्यात स्वतःच कापून मागितल्या. बोटांचे ठसे घेऊन आधारची जुनी नोंद सापडते का, ते बघणं चालू आहे. गाव अजून मिळालेलं नाही.

तुमच्या गावात, स्टँडवर, देवळाच्या पायरीवर असा कुणी दिसला तर 112 ला फोन करा किंवा पोलीस पाटलांना सांगा. कलम 100 एवढे दोन शब्द लक्षात ठेवा. गाडी येईपर्यंत त्याला खायला द्या, त्याचं बोचकं जपा, तो काय बोलतो ते ऐका. आणि कृपा करून त्याला पुढच्या गावाचं तिकीट काढून देऊ नका.