उमेदवारीचे वर्ष

मनुष्याचे हृदय मिनिटाला सुमारे ७० वेळा, म्हणजे दिवसाकाठी सुमारे १,००,००० वेळा आकुंचन पावते. प्रत्येक ठोक्याबरोबर हृदयातील झडपा उघडतात व मिटतात आणि रक्ताला एकाच दिशेने वाहू देतात. बालपणी जडलेल्या संधिवाताच्या तापामुळे या झडपा कधी कधी निकामी होतात. अशा वेळी शल्यवैद्य निकामी झडप काढून तिच्या जागी कृत्रिम झडप बसवतात. रुग्ण बरा होऊन घरी परततो, तेव्हा त्याचे आप्तेष्ट वैद्याला दुवा देतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ती झडप घडवणारा अभियंता त्या रुग्णाच्या दृष्टीस कधीच पडत नाही. हा पडद्याआडचा मनुष्य आपले काम कोठे शिकतो?

महाविद्यालयात तो यंत्रशास्त्र शिकतो, धातूंचे गुणधर्म शिकतो, गणिते सोडवतो. पदवी हाती पडली म्हणजे मात्र त्याची खरी उमेदवारी सुरू होते. आपल्या देशात शिकाऊ उमेदवारांविषयीचा कायदा १९६१ साली झाला. १९७३ साली त्यात सुधारणा होऊन अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारकही त्याच्या कक्षेत आले. त्यामुळे तरुण पदवीधराला सर्वसाधारणपणे एक वर्ष कारखान्यात विद्यावेतन घेऊन शिकता येते. पुढे शिकण्याची इच्छा असणाऱ्यांस उच्च शिक्षणाचीही सोय आहे. मद्रासची आय. आय. टी., वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था या तिघींनी मिळून वैद्यकीय अभियांत्रिकीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवला आहे. यंत्र आणि रुग्णालय या दोहोंची ओळख विद्यार्थ्यास एकाच वेळी व्हावी, हा त्यामागील हेतू होय.

वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात पाऊल टाकताच उमेदवाराला पहिला धडा मिळतो तो स्वच्छतेचा. शरीरात बसवायच्या वस्तू ज्या दालनात जुळवतात, तेथील हवा सतत गाळून घेतलेली असते. आत जाण्यापूर्वी टोपी, मुखपट्टी, झगा व हातमोजे घालावे लागतात. एरवी ज्या धूलिकणाकडे कोणी लक्षही देत नाही, तो येथे शत्रू मानला जातो.

दुसरा धडा अधिक अवघड आहे. तयार वस्तू पाकिटात बंद करून वायूने अथवा गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. परंतु ती खरोखर निर्जंतुक झाली की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. आणि पाहण्यासाठी पाकीट फोडावे, तर ती वस्तू वापरण्याजोगी राहत नाही. मग खात्री कशी करावयाची? वायूने निर्जंतुक करताना मालाबरोबर अतिशय चिवट जंतूंच्या बीजाणूंच्या पट्ट्या ठेवतात. जेथे वायू सर्वांत उशिरा पोहोचतो, अशा जागा त्यासाठी मुद्दाम निवडतात. तेथील बीजाणूही मेले, म्हणजे इतर जंतू उरले नसणार, असे अनुमान निघते. वायूचे प्रमाण, उष्णता, आर्द्रता व वेळ यांची नोंद दर वेळी ठेवावी लागते. येथे उमेदवाराला उमगते की, ज्या वस्तूची परीक्षा शेवटी घेता येत नाही, तिच्या निर्मितीची प्रत्येक पायरी चोख असली पाहिजे.

तिसरा धडा नोंदवहीचा. प्रत्येक झडपेला क्रमांक असतो. तिचा धातू कोणत्या गटातील, ती कोणत्या यंत्रावर कातली, कोणी तपासली, हे सर्व त्या क्रमांकावरून शोधता येते. पुढे दोष आढळलाच, तर तशा झडपा कोणाकोणाच्या शरीरात आहेत, हे त्यावरूनच कळते. नव्या उमेदवाराला हे लिखाण कंटाळवाणे वाटते. परंतु १९७९ ते १९८६ या काळात परदेशात एक विशिष्ट झडप विकली गेली, तिची हकिकत ऐकल्यावर त्याचा कंटाळा पळतो. ती सुमारे ८६,००० रुग्णांना बसवण्यात आली होती. त्यांतील शेकडो झडपांची बारीक आधारदांडी मोडली आणि अनेकांना प्राण गमवावे लागले. दोष दांडीच्या जोडात होता. छातीत बसलेला तो जोड रुग्णाला कसा तपासता येणार?

याउलट श्री चित्रा संस्थेतील प्रयत्नांची कथा धीर देणारी आहे. परदेशी झडपा गरीब रुग्णांना परवडत नसत, म्हणून डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली वैद्य व अभियंते भारतीय झडप घडवण्यास एकत्र आले. पहिले तीन नमुने फसले. त्यांपैकी एकात कृत्रिम नीलमण्याची तबकडी होती. ती दिसण्यात सुंदर व अत्यंत कठीण होती. पण मेंढीच्या हृदयात ती फुटली. संशोधकांनी अपयश झाकून ठेवले नाही. प्रत्येक मोडलेला तुकडा तपासून त्यांनी कारण शोधले. चौथ्या नमुन्यात कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचे कडे व एका विशेष चिवट पॉलिथिनची तबकडी वापरली. नीलमण्याने जे साधले नाही, ते साध्या दिसणाऱ्या पॉलिथिनने साधले. दीर्घ चाचण्यांनंतर ६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवण्यात आली. पुढे तिचे उत्पादन कारखान्यात सुरू झाले आणि आजवर अशा एक लाखाहून अधिक झडपा रुग्णांना बसवल्या गेल्या आहेत.

मेंढीच्या हृदयात जे फुटले, ते मनुष्याच्या हृदयापर्यंत पोहोचले नाही, यातच त्या अभियंत्यांच्या सचोटीचे फळ आहे. उमेदवारीच्या वर्षात तरुणाने हेच शिकावयाचे असते. मापात केसाएवढा फरक पडला, संध्याकाळ झाली, माल पाठवण्याची घाई आहे, आणि हा फरक कोणाच्या ध्यानात येणार नाही, असा क्षण प्रत्येकाच्या वाट्याला येतो. त्या क्षणी माल बाजूला ठेवून ‘यात दोष आहे’ असे जो लिहितो, तो खरा अभियंता झाला असे समजावे.

वर्ष संपते आणि एके दिवशी उमेदवार तपासनीस म्हणून नोंदवहीत प्रथमच सही करतो. ती झडप कोणत्या गावी, कोणाच्या छातीत धडधडणार आहे, हे त्याला ठाऊक नसते. ती सही म्हणजे त्याने त्या अनोळखी मनुष्याला दिलेला शब्द होय.