मुक्त शिक्षणाच्या अभ्यासकांचे जाळे

कोणालाही विनाशुल्क वापरता, बदलता आणि पुन्हा वाटता येईल अशा परवान्याने खुल्या केलेल्या पाठ्यसामग्रीला ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ म्हणतात, आणि ही संज्ञा युनेस्कोच्या २००२ मधील पॅरिस येथील बैठकीतून रूढ झाली असली, तरी या विषयावर पीएच.डी. करणारा संशोधक आपल्या विभागात बहुधा एकटाच असतो. मार्गदर्शक शिक्षणशास्त्राचा किंवा संगणकशास्त्राचा, आणि परवान्यांचा कायदा तिसऱ्याच शाखेचा. ही उणीव ओळखून नेदरलँड्समधील फ्रेड मुल्डर यांच्या पुढाकाराने अशा संशोधकांचे ‘गो-जीएन’ हे जागतिक जाळे उभे राहिले. पुढे त्याची धुरा ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीकडे आली आणि अमेरिकेतील ह्यूलेट फाउंडेशनने त्याला अर्थसाहाय्य दिले. जाळ्याचे खरे बळ त्याच्या चर्चासत्रांत आहे: मुक्त शिक्षणाच्या जागतिक परिषदेला जोडून भरणाऱ्या या सत्रांसाठी निवडलेल्या संशोधकांचा प्रवासखर्च उचलला जातो, आणि तेथे अपुरे, चाचपडणारे कामही (हे विशेष, कारण परिषदांत सहसा तयार निष्कर्षच ऐकले जातात) त्याच वाटेवरच्या सहकाऱ्यांपुढे निःसंकोच मांडता येते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली संशोधनपद्धतींची पुस्तिका सदस्यांच्याच अनुभवांच्या आधारे सिद्ध झाली, आणि तीही मुक्त परवान्यानेच उपलब्ध आहे.