चाकांवरचें घर आणि दोघांची निवृत्ति

नोकरी संपली म्हणजे मनुष्याच्या हातीं एकाएकी जी मोठी वस्तु येते ती वेळ होय. या वेळेचें काय करावें याचें उत्तर जुन्या समाजानें तीर्थयात्रेच्या रूपानें देऊन ठेवलें होतें. मुलींचे हात पिवळे झाले, संसार सुनेच्या स्वाधीन झाला, कीं म्हाताऱ्या जोडप्यानें काशीची वाट धरावी, असा तो मार्ग होता. पाश्चात्य देशांत याच प्रश्नाला विसाव्या शतकांत एक निराळें उत्तर मिळालें. तेथील कित्येक निवृत्त जोडपीं मोटारीवर बांधलेलें लहानसें घर घेऊन निघतात, नदीकाठीं थांबून गळानें मासे धरतात, आणि दूरदूर पांगलेल्या मुलाबाळांना व आप्तांना भेटत महिनेच्या महिने घालवितात. जालना जिल्ह्यांतील एखाद्या निवृत्त जोडप्याला हा क्रम कितपत साधेल, आणि त्यांत खरा लाभ कोणता, हें पाहण्यासारखें आहे.

चाकांवरचें घर ही कल्पना भटक्या लोकांची. तिला हौशी प्रवासाचें रूप एका निवृत्त माणसानेंच दिलें. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हा ब्रिटिश आरमारांतील वैद्य. प्रकृति बिघडल्यामुळें त्याला नोकरी सोडावी लागली. इ. स. १८८५ मध्यें त्यानें ब्रिस्टल येथें राहण्याजोगी एक गाडी बांधवून घेतली, तिला दोन घोडे जोडले, आणि तो दक्षिण इंग्लंडांतून थेट स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेसपर्यंत गेला. गाडीचें नांव त्यानें 'वाँडरर', म्हणजे भटक्या, असें ठेविलें होतें. पुढें १९०७ मध्यें अशा हौशी प्रवाशांचा कॅरॅव्हॅन क्लब इंग्लंडांत स्थापन झाला. मात्र स्टेबल्सच्या सुखप्रवासांत एक गोष्ट डोळ्याआड करतां कामा नये. त्याच्याबरोबर कुत्रा व पोपट होते, तसाच गाडी हांकणारा व हाताखालीं काम करणारा नोकरहि होता. घोड्यांची जागा यंत्रानें घेतली तेव्हां घोड्यांबरोबर नोकरहि गेला. आज मोटारघरांत दोनच माणसें असतात, आणि घरांतील सर्व कामें त्या दोघांच्या वांट्याला येतात. तीं दोघांच्या वांट्याला येतात कीं एकटीच्या, हा प्रश्न पुढें येणारच आहे.

प्रथम या घराची रचना पाहूं जातां असें दिसतें कीं, राहत्या घरांत ज्या सोयी भिंतींतून गुपचूप येतात त्या येथें बरोबर वाहून न्याव्या लागतात. पाणी हें त्यांतील सर्वांत जड ओझें. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो; तेव्हां शंभर लिटरची टांकी भरली म्हणजे गाडींत एक क्विंटल भार वाढला. दोन माणसांनीं अगदीं काटकसरीनें रोज पन्नास लिटर वापरलें तरी तें दोन दिवसच पुरतें. वापरलेल्या पाण्यासाठीं दुसरी टांकी आणि शौचाची तिसरी लागते. त्या कोठें रिकाम्या कराव्यात याची व्यवस्था ठरविल्यावांचून निघणें म्हणजे दुसऱ्याच्या गांवच्या ओढ्यावर आपली घाण टाकण्याची तयारी करणें होय.

विजेचा हिशेबहि असाच रोखठोक आहे. इंजिनाच्या बॅटरीखेरीज घरासाठीं एक निराळी बॅटरी ठेवतात. बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरली असतां बाराशें वॉट-तास शक्ति देते. तीस वॉटचा पंखा तिच्यावर चाळीस तास चालेल. पण हजार वॉटचें थंड हवेचें यंत्र लावलें तर तासा-सव्वा तासांत ती संपेल. जालन्यास एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांवर जातो, आणि उन्हांत उभ्या असलेल्या पत्र्याच्या गाडींत तर विचारूंच नये. म्हणून मराठवाड्यांत मोटारघराचा ऋतु ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतच समजावा. एरवीं जेथें बाहेरून वीज जोडतां येईल तेथेंच मुक्काम करावा. स्वयंपाकाच्या गॅसविषयींहि एक सावधगिरी अवश्य आहे. हा गॅस हवेपेक्षां जड असल्यामुळें गळूं लागला तर जमिनीलगत सांचतो. यासाठीं गाडीच्या तळाशीं वायुमार्ग ठेवलेले असतात, आणि ते थंडी वाजते म्हणून बुजवूं नयेत.

रस्त्यांची अडचण आतां पुष्कळ कमी झाली आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग जालना जिल्ह्यांतून जातो. डिसेंबर २०२२ मध्यें त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला आणि जून २०२५ मध्यें तो पूर्ण झाला. महाराष्ट्र शासनानेंहि २०२१ मध्यें कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. पाणी, वीज व सांडपाण्याची सोय असलेले खास तळ उभारले जावेत, हा त्याचा एक हेतु. मोटारघराचें यश महामार्गापेक्षां अशा तळांवरच अधिक अवलंबून आहे. धांवण्यास रस्ता सर्वत्र आहे. थांबण्यास जागा शोधावी लागते.

थांबल्यावर करावयाचें काय, याचें उत्तर पाश्चात्य प्रवासी गळाच्या काठीनें देतो. तेथें विशेष मान आहे तो कृत्रिम माशीच्या गळाला. साध्या गळांत आमिषाचें किंवा शिशाच्या तुकड्याचें वजन दोरीला ओढून नेतें. कृत्रिम माशी ही पिसें व धागे बांधून केलेली, जवळजवळ वजनरहित. ती फेंकली जात नाहीं. म्हणून येथें दोरीच जाड व जड करतात, आणि लवचिक काठीनें ती मागेंपुढें झुलवून पाण्यावर अलगद सोडतात. तरंगता किडा समजून मासा तिच्यावर झेप घेतो. बळापेक्षां लय अधिक लागत असल्यामुळें उतारवयाला ही कला मानवते. आयझॅक वॉल्टन या लंडनच्या व्यापाऱ्यानें मासेमारीवरील आपला प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १६५३ मध्यें छापला तेव्हां तो साठीच्या घरांत होता. माशीच्या गळाचा सविस्तर भाग त्यांत १६७६ मध्यें चार्ल्स कॉटन या त्याच्या मित्रानें घातला. वॉल्टन नव्वद वर्षें जगला. त्याचें उत्तरायुष्य मित्रांच्या व आप्तांच्या घरीं राहण्यांत गेलें, आणि १६८३ मध्यें विंचेस्टर येथें तो लेकीजांवयाच्या सहवासांत वारला. मासेमारी आणि आप्तांच्या भेटी यांची जोडी अशी जुनी आहे.

या गळाचा मुख्य मासा ट्राउट. त्याला थंड, वाहतें पाणी लागतें. म्हणून तो हिंदुस्थानांत काश्मीर, हिमाचल, निलगिरि अशा डोंगराळ मुलखांतच आणून वाढविला गेला. गोदावरीच्या कोमट पाण्यांत त्याचें नांवहि काढूं नये. पण दख्खनला स्वतःचा मानकरी मासा आहेच. पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पाण्यांतून मिळालेल्या महसीर जातीच्या माशाचें वर्णन कर्नल साइक्स यानें १८३९ मध्यें प्रसिद्ध केलें, आणि त्याच्या शास्त्रीय नांवांत 'खुद्री' हा शब्द घातला. या माशाची पैदास लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीनें कित्येक दशकें चालविली आहे.

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. वर पैठणला जायकवाडीचें धरण, आणि खालीं घनसावंगी तालुक्यांत जोगलादेवी, मंगरूळ व राजाटाकळी येथें नदीवर बांधलेले बंधारे, यांमुळें पाणी ठिकठिकाणीं अडून राहतें. तेथें मरळ व वाम हे मूळचे मासे आहेत, आणि रोहू, कटला व मृगळ हे गंगेकडून आणून सोडलेले. या पाण्याला मालक नाहीं असें मात्र समजूं नये. जलाशयांतील मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्यानें दिलेला असतो. त्यांनीं पैसे भरून मत्स्यबीज सोडलेलें असतें. निवृत्त गृहस्थाची करमणूक ती त्यांची भाकरी आहे. म्हणून आधीं त्यांची परवानगी घ्यावी, पावसाळ्याच्या आरंभीं अंडीं घालावयास वर चढणारे मासे धरूं नयेत, आणि धरण केव्हां सोडणार याची चौकशी केल्यावांचून पात्रांत उतरूं नये.

आतां तिसरा आणि सर्वांत जिव्हाळ्याचा भाग, आप्तांच्या भेटीचा. घनसावंगी तालुक्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव. लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेलेला हा पुत्र दीर्घ काळानंतर आईला भेटावयास परत आला, असें परंपरा सांगते. विरक्ताला जी ओढ आवरली नाहीं ती संसारी माणसाला कशी आवरावी? परंतु आज ओढीची दिशा उलटली आहे. जालन्यांत बियाण्यांचा व पोलादाचा उद्योग मोठा असला तरी शिकलेलीं मुलें पुण्या-मुंबईकडे जातात, आणि भेटीला निघावें लागतें तें म्हाताऱ्या आईबापांना.

तेथें दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली जागेची. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत आईबाप उतरले कीं नातवाचा अभ्यास स्वयंपाकघरांत जातो. कोणी बोलत नाहीं, पण चौथ्या दिवशीं सर्वांना कळतें. दुसरी अडचण रिवाजाची. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचें पाणीहि आईबापांनीं पिऊं नये, असा निर्बंध जुन्या घरांतून पाळला जात असे. तो आतां मोडला असला तरी लेकीच्या घरीं फार दिवस राहण्याचा संकोच अनेक वृद्धांच्या मनांतून गेलेला नाहीं. चाकांवरचें घर या दोन्ही अडचणींवर उत्तर आहे, आणि तें पाश्चात्य देशांत इतकें रुजलें त्याचें एक कारण हेंच. मुलाच्या अंगणांत गाडी उभी केली कीं दिवस त्याच्या घरीं आणि रात्र आपल्या घरीं. आपलें दार आपल्याला लावतां येतें. पण अंगण पाहिजे! पुण्यांतील सोसायटींत स्कूटर ठेवण्यास जागा मिळण्याची मारामार. तेथें दोन-अडीच टनांचें घर कोठें उभें करावें?

यापेक्षांहि मोठी एक अडचण आहे, आणि ती हिशेबाच्या वहींत दिसत नाहीं. निवृत्त होतो तो नोकरदार. त्याच्या पत्नीला साठाव्या वर्षीं कोणी निरोपाचा हार घालीत नाहीं. घर बरोबर नेलें म्हणजे चूलहि बरोबर जाते. आणि हातभर ओट्यावर, मोजक्या पाण्यांत, रोज नव्या गांवीं भाजीची वाट पाहत तोच स्वयंपाक तिला करावा लागतो. तो नदीकाठीं गळ टाकून बसला आणि ती गाडींत भांडीं घांशीत राहिली, तर प्रवास दोघांचा झाला असें म्हणतां येणार नाहीं. ज्या जोडप्यानें चुलीचे दिवस वांटून घेतले, त्यालाच मोटारघर लाभेल.

ज्यांना मोटारघर परवडत नाहीं, म्हणजे बहुतेकांना, त्यांच्या दारावरून दुसरें एक वाहन रोज जातें. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर अशी पहिली एस. टी. धांवली. त्या एस. टी.नें अलीकडे वृद्धांच्या प्रवासाचा पायाच बदलला आहे. ६५ ते ७५ वर्षें वयाच्या नागरिकांना निम्मे भाडें. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील सर्वांना राज्याच्या हद्दींत मोफत प्रवास. आणि १७ मार्च २०२३ पासून कोणत्याहि वयाच्या स्त्रीला निम्मे भाडें. पति ६६ वर्षांचा व पत्नी ६१ वर्षांची असेल तर एका तिकिटांत दोघें जातात. पति बासष्ट वर्षांचा असेल तर दीड तिकीट पडतें, आणि त्यांतील अर्धें तिचें असतें. जन्मभर जिचा प्रवास "दोन माणसांचा खर्च कशाला?" या एका प्रश्नानें अडला, तिला आतां नवऱ्यापेक्षां कमी पैशांत एकटीनेंहि बहिणीकडे जातां येतें. रेल्वेनें वृद्धांची सवलत मार्च २०२० मध्यें थांबविली, तेव्हां तर हा फरक अधिकच जाणवला. जालन्याहून मुंबईस वंदे भारत गाडी ३० डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली. ती वेगवान खरी, पण पेन्शनीच्या महिन्यांत कितीदां परवडेल याचा विचार करावा लागतो.

यावरून निवृत्तांच्या प्रवासाची कसोटी सांगतां येते. वाहन कोणतेंहि असो, तीन गोष्टी सांभाळल्या गेल्या पाहिजेत. यजमानाला भार होऊं नये. यासाठीं मुलाकडे जातांना परतीचा दिवस आधींच कळवावा, आणि अधिक राहणें झाल्यास जवळच एखादी धर्मशाळा किंवा भक्तनिवास पाहावा. वाटेंत विसावा असावा. जालन्याहून पुण्यास एका दमांत तीनशें किलोमीटर जाण्याऐवजीं छत्रपती संभाजीनगरास एक मुक्काम करावा. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, त्या दिवसांत घरांतील दोन्ही माणसें निवृत्त असावीत. शहागडच्या घाटावर पहांटे गळ टाकून बसलेल्या गृहस्थाशेजारीं त्याची पत्नीहि हात मोकळे ठेवून नुसतें पाणी पाहत बसली असेल, तर मासा लागो वा न लागो, प्रवासाचें फळ त्या दोघांच्या पदरांत पडलें असें समजावें.