नवा कॉम्प्युटर, जुन्या मेल आणि कृतिदेवचा घोळ

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि आपल्या होस्टेलमध्ये नवे लॅपटॉप घेण्याची साथच आली. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ते बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नसतं, त्यामुळे "आहे त्याच्यावरच अपग्रेड मारू" हा जुगाड सगळ्यांना जमत नाही. नवं मशीन येतं, खोका फोडायचा समारंभ होतो, शेवभाजीची पार्टी होते. आणि मग रात्री अकरा वाजता कोणीतरी दार वाजवतं, "अरे, जुन्यातलं सगळं नव्यात कसं न्यायचं?"

उत्तर सोपं वाटतं: पेनड्राइव्ह लावा, कॉपी करा, पेस्ट करा. फायलींपुरतं ते बरंचसं खरंही आहे. मेलचं थोडं अवघड आहे. आणि मराठीत लिहिलेल्या जुन्या फायलींचं सगळ्यात अवघड आहे. तो भाग मुख्यतः आपल्या स्टाफसाठी आणि घरी आई-बाबा, काका-मामांचा जुना पीसी असलेल्या प्रत्येकासाठी लिहिते आहे.

आधी फायली. एकच गोष्ट लक्षात ठेवा: कट करायचं नाही, कॉपीच करायची. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर "कट" केलं की विंडोज एकेक फाइल तिकडे उतरवतं आणि इकडची पुसत जातं. मध्येच लाइट गेली तर अर्धा संसार इकडे आणि अर्धा तिकडे. लॅपटॉपला निदान बॅटरी असते, डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर काही खरं नाही. वेळही बराच लागतो. यूएसबी २.० चा वेग कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट, पण हातात पडतात साधारण ३० मेगाबाइट. म्हणजे २०० जीबीला जवळजवळ दोन तास, आणि हजारो छोट्या फायली असतील तर त्याहून जास्त. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना पोर्टेबल हार्डडिस्क गादीवर ठेवून झोपू नका, टेबलावर पंख्याखाली ठेवा.

बऱ्याच जणांना येणारा अनुभव: पेनड्राइव्हमध्ये ५० जीबी रिकामी आहे, तरी ५ जीबीची फाइल जात नाही, "फाइल फार मोठी आहे" असा मेसेज येतो. पेनड्राइव्ह बिघडलेला नसतो. तो फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, आणि त्या पद्धतीत फाइलची लांबी लिहायला ३२ बिट्स एवढीच जागा आहे. दोनाचा बत्तिसावा घात म्हणजे ४ जीबी. त्याच्या पुढचा आकडा लिहायलाच जागा नाही! एक्सफॅट करून घेतला की प्रश्न सुटतो, पण फॉरमॅट करताना आतलं सगळं जातं हे विसरू नका.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. फायलींची संख्या आणि "साइझ" जुळली पाहिजे. त्याखालचं "साइझ ऑन डिस्क" जुळलं नाही तरी चालतं, कारण ते डिस्कच्या क्लस्टरवर अवलंबून असतं. आणखी दोन ठिकाणी लक्ष द्या. वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ज्या फाइलवर ढगाचं चिन्ह आहे ती तुमच्या मशीनवर नाहीच, फक्त तिचं नाव दिसतंय. नेट चालू करून आधी ती खाली उतरवा. दुसरं म्हणजे, नव्या लॅपटॉपची डिस्क बहुतेक वेळा बिटलॉकरच्या पद्धतीने कुलूपबंद असते. उद्या मदरबोर्ड गेला आणि डिस्क काढून दुसरीकडे लावली तर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. आजच बघून कागदावर लिहून ठेवा.

आता मेल. आपल्यापैकी बहुतेकांचा मेल ब्राउझरमध्ये असतो, म्हणजे तो आपल्या मशीनवर नसतोच, तो हलवण्याचा प्रश्नच नाही. पण १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने आपल्याकडे लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हापासून पुढची बरीच वर्षं काम वेगळ्या पद्धतीने चालायचं. फोनची लाइन अडवून कनेक्शन जोडायचं, पॉप ३ पद्धतीने मेल मशीनवर ओढून घ्यायच्या, लाइन तोडायची आणि मग निवांत वाचत बसायचं. मिनिटाला पैसे पडत असताना हेच शहाणपणाचं होतं. पण पॉपची मूळ रीत अशी की पत्र घरी आणलं की पोस्टातली प्रत संपली. "सर्व्हरवर प्रत ठेवा" ही खूण कोणी मुद्दाम केली असेल तरच तिकडे काही उरतं. म्हणजे २००४ सालची ती पत्रं जगात फक्त त्या एका हार्डडिस्कवर आहेत. नंतर सर्रास झालेल्या आयमॅप पद्धतीत उलटं आहे: मूळ पत्र सर्व्हरवर, आपल्याकडे त्याची छाया.

जुना पीसी एक्सपीचा असेल आणि त्यावर आउटलुक एक्सप्रेस असेल तर प्रत्येक फोल्डरची एक डीबीएक्स फाइल असते, आणि ती लपवलेल्या फोल्डरमध्ये असते. त्यामुळे "माय डॉक्युमेंट्स" कॉपी करून मशीन भंगारात दिलं तर मेल गेल्या. डीबीएक्स नुसती उचलून आणली तरी आजचे प्रोग्राम ती सरळ वाचतीलच असं नाही. त्यापेक्षा जुनं मशीन चालू आहे तोवर त्याच्यावरच काम उरका. आउटलुक एक्सप्रेसमध्ये सगळ्या मेल सिलेक्ट करा आणि माउसने ओढून बाहेरच्या एखाद्या रिकाम्या फोल्डरमध्ये टाका. प्रत्येक मेलची स्वतंत्र ईएमएल फाइल तयार होते. ती साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. नव्या मशीनवर थंडरबर्ड घ्या, त्यात इम्पोर्टएक्सपोर्टटूल्स एनजी नावाचं फुकट अॅड-ऑन टाका आणि पूर्ण फोल्डर आत घ्या. थंडरबर्डमध्येच तुमचं जीमेल आयमॅपने जोडलेलं असेल तर त्या मेल तिथल्या फोल्डरमध्ये ओढल्या की त्या सर्व्हरवर चढतात. एकदम सगळ्या नको, दोनशे-तीनशेच्या गठ्ठ्याने. मेलमधली अटॅचमेंट अक्षरांच्या रूपात लिहिलेली असते आणि त्यामुळे मूळ फाइलपेक्षा सुमारे एक तृतीयांश फुगते, तेव्हा जीमेलच्या १५ जीबीत किती मावेल याचा अंदाज आधी घ्या. अॅड्रेस बुक वेगळं असतं, ते सीएसव्ही म्हणून वेगळं काढा.

फायनल इयरवाल्यांचं दुखणं निराळं आहे. कॉलेजने दिलेला मेल आयडी पास झाल्यावर किती दिवस चालेल ते कॉलेज ठरवतं. प्रोजेक्ट, इंटर्नशिपचं लेटर, चार वर्षांचे फोटो सगळे त्याच्यात. गूगल टेकआउटने सगळं उतरवून घेता येतं, मेल एमबॉक्स नावाच्या एकाच मोठ्या फाइलमध्ये येतात आणि तीही थंडरबर्डमध्ये उघडते. पण त्याआधी त्या आयडीवर कुठे कुठे अकाउंट काढली आहेत त्याची यादी करा आणि तिथला पत्ता बदला. पासवर्ड विसरलात आणि नवा पासवर्ड येणार बंद झालेल्या मेलवर, तर मग बसा हरी हरी करत.

आता खरा घोळ. आमच्या घरात नाना आहेत, माझ्या वडिलांचे मोठे काका. अमळनेर तालुक्यात शिक्षक होते. रिटायर झाल्यावर त्यांनी २००३ पासून गावोगावच्या आजीबाईंकडून अहिराणीतली लग्नातली गाणी, जात्यावरच्या ओव्या, म्हणी आणि शब्द गोळा केले आणि स्वतः टाइप केले. तीनशेच्या वर फायली. मागच्या वर्षी घरात नवा कॉम्प्युटर आला, फायली व्यवस्थित कॉपी झाल्या, संख्या जुळली, साइझ जुळली. नानांनी पहिली फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी. नाना म्हणाले, "मना कागद कथा ग्यात?"

कागद कुठे गेले नव्हते. ते कृतिदेव फॉन्टमध्ये होते. या जुन्या फॉन्टची युक्ती अशी: कॉम्प्युटरला फक्त इंग्रजी अक्षरं कळत असताना, इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी अक्षराचं चित्र बसवलं. कृतिदेवमध्ये "काम" लिहायला डी, के आणि ई या कळा दाबतात. फाइलमध्ये साठतात १००, १०७, १०१ हे आकडे, म्हणजे इंग्रजी डी, के, ई. कृतिदेव असेल तर काम दिसतं, नसेल तर डीकेई. फायलीला मराठी ठाऊकच नसतं! युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिच्यात देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत, तिथे क म्हणजे २३२५, काना २३६६, म २३५०. हे आकडे जगात कुठेही काम असेच वाचले जातात. पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी किंवा सीडॅकचं आयएसएम यांच्या फॉन्टची मांडणी कृतिदेवपेक्षा वेगळी, त्यामुळे कन्व्हर्टर वापरण्याआधी नेमका कोणता फॉन्ट आहे हे कळलं पाहिजे. वर्डमध्ये मजकूर सिलेक्ट केला की फॉन्टचं नाव वर दिसतं. मेलच्या विषयाच्या ओळीत किंवा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मात्र फॉन्टची नोंद नसते, तिथे अंदाजच करावा लागतो.

म्हणून जुन्या मशीनवरून फॉन्टसुद्धा आणा. ते विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात. नव्या मशीनवर फॉन्ट टाकल्याबरोबर नानांची ओवी पुन्हा दिसली. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण सर्चमध्ये "काम" शोधलं तर अशा फायलीत ते सापडणार नाही, आणि फोनवर पाठवली तर पुन्हा खिचडी. दिसतंय तोवर प्रत्येक फायलीची पीडीएफ करून ठेवा. ती ताडून बघायला लागते. मग युनिकोडमध्ये बदला.

बदलताना आकड्याला आकडा लावून भागत नाही. टाइपरायटरच्या वळणाने कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, कारण ती कागदावर डावीकडे असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, उच्चाराप्रमाणे. "सूर्य" मधला रफार टायपिस्ट य नंतर मारतो, युनिकोडला तो य च्या आधी हवा. कन्व्हर्टरला या उड्या माराव्या लागतात, आणि जोडाक्षर आलं की तो अडखळतो. त्यातून हिंदीपुरता बनवलेला असेल तर आपला ऱ त्याच्या गावीच नसतो. दऱ्या आणि दर्या एक करून टाकतो, डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र! (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, हा फरक मलाही नानांनीच शिकवला.) आणि मजकुरात मध्येच खरंखुरं इंग्रजी असेल तर त्याचंही तो देवनागरी करून ठेवतो.

प्रमाण मराठीत अशी चूक कोणालाही दिसते. अहिराणीत दिसत नाही, हीच मोठी पंचाईत आहे. बिघडलेला शब्द हा कन्व्हर्टरचा प्रताप आहे की त्या गावची बोलीच तशी आहे, हे मला सांगता येत नाही आणि स्पेलचेकला तर दोन्ही शब्द चूकच वाटतात. ज्या आजीबाईंनी गाणी सांगितली त्यातल्या बऱ्याच आता नाहीत. बहिणाबाईंना स्वतः लिहिता येत नव्हतं, सोपानदेवांनी आणि घरच्यांनी गाणी उतरवून ठेवली म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं, आणि २०१८ पासून आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. उतरवताना एखादा शब्द बदलला असता तर आज आपल्याला कळलंही नसतं. म्हणून आमच्याकडे नाना आणि मी रविवारी पीडीएफ आणि नवी फाइल शेजारी-शेजारी उघडतो, ते वाचतात, मी दुरुस्त करते. एका रविवारी सात-आठ फायली होतात.

एक बारकावा राहिला. कॉपी केल्यावर फायलीची "क्रिएटेड" तारीख आजची होते, "मॉडिफाइड" जुनीच राहते. नानांनी कोणती ओवी कधी मिळाली ते वेगळं लिहिलेलं नाही, ती तारीखच पुरावा आहे. पण फाइल उघडून सेव्ह केली की तीही गेली. त्यामुळे बदल करायचे ते दुसऱ्या प्रतीवर, आणि मूळ प्रत झिप करून बाजूला ठेवायची. झिपमध्ये मॉडिफाइड तारीख टिकते.

जुना पीसी सुरूच होत नसेल तरी घाबरू नका, डिस्क शाबूत असेल तर ती काढून यूएसबी कन्व्हर्टरला लावता येते. २००३-०४ च्या डिस्कला रुंद पट्टीची आयडीई केबल असते, तेव्हा गोलाणी मार्केटला जाताना डिस्क सोबत न्या, नाहीतर साटाचा कन्व्हर्टर घेऊन परत याल. आणि जुना लॅपटॉप ज्युनिअरला विकणार असाल तर नुसतं डिलीट करू नका. डिलीटने फक्त यादीतलं नाव जातं, मजकूर डिस्कवरच असतो. हार्डडिस्क असेल तर क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, विंडोज व्हिस्टापासून त्यात सगळीकडे शून्यं लिहिली जातात. पण हे नव्या मशीनवर महिनाभर काम केल्यानंतर. तोपर्यंत ज्युनिअरला थांबू द्या.