संगणक सुरू होत नाही! दोष कोठे शोधाल?

विजेरी पेटली नाही तर तुम्ही काय करता? आधी सेल बदलून पाहता. तरी प्रकाश पडला नाही तर बल्ब तपासता, मग बटणाची पट्टी घासून पाहता. या तिन्ही गोष्टी तुम्ही एकदम बदलत नाही, कारण तसे केल्यास विजेरी पेटेल खरी, पण दोष कशात होता हे कळणार नाही. बंद पडलेल्या जुन्या संगणकातील दोष शोधण्याची रीतही हीच आहे. संगणकात भाग अधिक असतात, एवढाच फरक.

अनेकदा बिघाड अगदी क्षुल्लक असतो, पण तो न शोधताच सगळा संगणक भंगारात जातो. मग शाळेतील मुलांना एका संगणकाभोवती आणखी गर्दी करावी लागते, आणि त्यातील शिशासारखी विषारी द्रव्ये माती-पाण्यात मिसळण्याचा धोका वाढतो तो वेगळाच.

खारी हवा काय करते?

डहाणू, चिंचणी, बोर्डी ही गावे समुद्राला लागून आहेत. लाटा फुटताना उडणारे खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि त्यांतील मीठ सर्व वस्तूंवर बसते. शुद्ध मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी शोषून विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते व ते याहून कमी आर्द्रतेतही ओले होते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातील मीठ ओलसर होते ते याचमुळे.

संगणकाच्या जोडांवर हा खारा ओलावा बसला की धातू गंजतो आणि विद्युत्प्रवाहाला अडथळा होतो. तलासरी समुद्रापासून आत आहे, त्यामुळे तेथे मीठ कमी. पण पावसाळ्यातील दमटपणा व उन्हाळ्यातील धूळ तेथेही आहेच. धुळीचा थर ओलावा धरून ठेवतो आणि पंख्याची हवाही अडवतो.

बटण दाबल्यावर काय घडते?

घरातील वीज २३० व्होल्टची व प्रत्यावर्ती असते. संगणकाला मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकदिश वीज लागते. हे रूपांतर पत्र्याच्या पेटीतील वीजपुरवठा संच करतो. त्यालाच दुकानदार एसएमपीएस म्हणतात. सर्व दाब स्थिर झाले की हा संच मदरबोर्डला ‘वीज ठीक आहे’ असा संदेश देतो. तो मिळेपर्यंत प्रोसेसर थांबून राहतो.

मग प्रोसेसर बायॉस नावाच्या कायम स्मृतीतून पहिली आज्ञा वाचतो आणि संगणक स्वतःचीच तपासणी करतो: रॅम आहे का? चित्र दाखवणारे कार्ड आहे का? कळफलक जोडला आहे का? सर्व ठीक असेल तर बहुतेक जुने संगणक एकदाच ‘पीं’ असा आवाज करतात आणि नंतर हार्ड डिस्ककडे वळतात. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पीसीमध्येही ही स्वयंतपासणी होती.

हा क्रम नीट लक्षात ठेवा. संगणक कोणत्या पायरीवर थांबला हे कळले, की त्याआधीचे भाग बहुधा निर्दोष ठरतात.

आधी सुरक्षितता

पेटी उघडण्यापूर्वी वायर सॉकेटमधून काढा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. वायर काढल्यावर संगणकाचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला विद्युत्भार निघून जाईल. वीजपुरवठा संचाची पत्र्याची पेटी मात्र कधीही उघडू नका. तिच्यातील धारित्रांत, म्हणजे कॅपॅसिटरांत, वीज काढल्यानंतरही धोकादायक दाब राहू शकतो. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते. म्हणून सुटे भाग हाताळण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला हात लावा आणि भाग कडेने धरा.

चार लक्षणे

१. दिवा नाही, पंखाही फिरत नाही. दोष विजेच्या वाटेवर आहे. सॉकेटमध्ये टेबलावरचा दिवा लावून पाहा. वायर बदलून पाहा. तरीही काही झाले नाही तर वीजपुरवठा संचाचा संशय घ्या. जाणकार शिक्षक मल्टिमीटरने त्याचे दाब मोजू शकतात. पिवळ्या तारेवर १२, लाल तारेवर ५ आणि नारिंगी तारेवर ३.३ व्होल्ट यायला हवेत. पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट ठीक.

२. पंखा फिरतो, पण पडदा काळा आणि आवाजही नाही. आधी मॉनिटर व त्याची केबल दुसऱ्या संगणकाला लावून तपासा. मग मदरबोर्डवरील नळकांड्यासारखे कॅपॅसिटर पाहा. त्यांची डोकी सपाट हवीत. ती फुगलेली असतील किंवा त्यांतून द्रव झिरपला असेल तर ते निकामी झाले आहेत. साधारण २००० सालाच्या आसपास बनलेल्या अनेक मदरबोर्डांत सदोष कॅपॅसिटर लागले होते.

३. पुन्हा पुन्हा ‘पीं पीं’ आवाज येतो. हे बरे लक्षण आहे! संगणक स्वतःच तक्रार सांगत आहे. आवाज किती व केवढे लांब हे नोंदवा. त्यांचा अर्थ प्रत्येक बायॉसमध्ये वेगळा असतो, म्हणून मदरबोर्डची पुस्तिका पाहा. बरेचदा तक्रार रॅमची असते. रॅमची पट्टी काढा, तिचे सोनेरी जोड मऊ खोडरबराने हलकेच पुसा, कण ब्रशने झाडा आणि पट्टी ‘टक्’ आवाज होईपर्यंत नीट बसवा. जोडांवरील सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, म्हणून पॉलिश पेपर वापरू नका.

४. पडद्यावर अक्षरे येतात, पण पुढे काही होत नाही. हार्ड डिस्क व तिच्या केबली तपासा. तारीख चुकीची दिसत असेल तर सीआर-२०३२ ही ३ व्होल्टची चकतीसारखी बॅटरी संपली आहे. त्यामुळे संगणक आपली मांडणी विसरतो व भलत्याच ठिकाणी डिस्क शोधू लागतो.

वजाबाकीची रीत

दुसऱ्या लक्षणातील गुंता सोडवण्याची एक युक्ती आहे. डिस्क, जादा कार्डे, सर्व काढून ठेवा. फक्त मदरबोर्ड, पंख्यासह प्रोसेसर, छोटा स्पीकर आणि वीजपुरवठा संच ठेवा. रॅमसुद्धा काढा आणि संगणक सुरू करा. रॅम नसल्याची तक्रार करणारा आवाज आला तर काय सिद्ध झाले? प्रोसेसर आज्ञा वाचतो आहे, बायॉस शाबूत आहे आणि वीजही पोहोचते आहे. मग रॅमची एक पट्टी लावा, नंतर एकेक भाग वाढवा. दर वेळी आधी वायर काढायला विसरू नका. ज्या भागानंतर संगणक पुन्हा मुका होईल, तेथे संशय घ्या. आवाज मुळीच आला नाही, तर दोष मदरबोर्ड, प्रोसेसर किंवा वीजपुरवठा संच यांपैकी एकात उरतो.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के वारंवार जाणवू लागले, तेव्हा शास्त्रज्ञांनी अनेक ठिकाणी भूकंपमापक बसवले. एका यंत्रावरून भूकंप किती दूर झाला हे कळते, पण कोणत्या दिशेला हे कळत नाही. त्या अंतराचे वर्तुळ नकाशावर काढता येते. तीन ठिकाणची तीन वर्तुळे जेथे छेदतात तेथे भूकंपाचे केंद्र! संगणकाचेही तसेच आहे. एक लक्षण अनेक भागांकडे बोट दाखवते. दोन-तीन चाचण्यांचे निष्कर्ष जेथे जुळतात तेथे दोष सापडतो.

करून पाहा

वहीत तीन रकाने आखा: काय केले, काय दिसले, काय वगळले. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो भरत गेला की संशयितांची यादी लहान होत जाते. पावसाळ्यात संगणक आठवड्यातून दोन-तीनदा तासभर चालू ठेवा. आतील उबेमुळे ओलावा टिकत नाही. आणि दुरुस्ती शक्यच नसेल तर चालू स्थितीतील रॅम, पंखे व केबली जपून ठेवा. पुढच्या तपासणीत त्याच तुमची खात्रीची साधने ठरतील. उरलेला सांगाडा कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या.