माकडतापाचा खरा चोर गोचीड



ऊसतोड आटोपत आली की घाटाकडच्या आपल्या सभासदांची काजूच्या बागेत धांदल सुरू होते. जळण आणि पातेरा गोळा करायला आयाबहिणी रानात जातात, गुरेही चरायला सुटतात. हेच दिवस माकडतापाचे. म्हणून या अंकात या रोगाची माहिती देत आहोत.

१९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांतली माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने रोगाचा विषाणू शोधून काढला. जंगलाच्या नावावरून रोगाला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात. आपल्याकडे नाव पडले माकडताप. पुढे २०१५ साली गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात त्याची साथ आली. म्हणजे रोग घाटाच्या पायथ्याशी येऊन ठेपलेला आहे.

नाव माकडाचे असले तरी माणसाला रोग देतो तो गोचीड. रानातले उंदीर, चिचुंद्री, माकडे यांच्या अंगावर गोचिडाची पिल्ले रक्त पितात, तेव्हा विषाणू त्यांच्यात शिरतो. पुढे तीच गोचिडे माणसाला चावतात. माकड बिचारे आपल्यासारखेच या रोगाला बळी पडते. पण ते मेले की अंगावरची गोचिडे खाली उतरतात आणि ती जागा धोक्याची होते. म्हणून माकडाला मारून उपयोग नाही, आणि मेलेल्याला हात लावणेही बरे नाही. मेलेले माकड दिसले की लांबूनच बघा आणि ग्रामपंचायत, वनखाते किंवा आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा.

गुरांपासून हा रोग माणसाला होत नाही. पण गोचीड पोसली जाते ती गुरांवर, आणि घरीही येते गुरांबरोबर. तेव्हा पशुवैद्यांच्या सल्ल्याने गोचीडनाशक औषध वेळच्या वेळी लावा. एका माणसापासून दुसऱ्यालाही हा रोग लागत नाही. रोग्याला वाळीत टाकू नका.

गोचीड चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत एकदम थंडी वाजून जोराचा ताप येतो. डोके ठणकते, अंग मोडून येते, उलट्या-जुलाब होतात. काहींना नाकातून, हिरड्यांतून किंवा शौचावाटे रक्त जाते. शंभरातील तीन ते पाच रोगी दगावतात. ताप उतरला म्हणजे सुटलो असेही समजू नये. काहींना एकदोन आठवडे बरे वाटून ताप उलटतो. मग मान ताठरते, हातपाय कापतात, भ्रम होतो. अशा वेळी रोग्याला तातडीने दवाखान्यात न्यावे.

या विषाणूवर खास असे औषध नाही. जुनी लस पुरेशी गुणकारी न ठरल्याने बंद झाली. नव्या लशीचे काम चालू आहे. उपचार म्हणजे शरीरातले पाणी टिकवणे, ताप उतरवणे आणि गरज पडल्यास रक्त देणे. हे वेळेवर झाले की बहुतेक रोगी बरे होतात. म्हणून ताप येताच ‘मी रानात गेलो होतो’ हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. पहिल्या काही दिवसांत रक्त तपासले तर निदान पक्के होते. दुकानातून ॲस्पिरिनसारखी अंगदुखीची गोळी आणून घेऊ नका. त्याने रक्तस्राव वाढतो.

रानात जाताना एवढे पाळावे :

१. अंगभर कपडे घालावेत, विजारीचे पाय मोज्यात खोचावेत.

२. उघड्या अंगाला आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे.

३. पाचोळ्यावर बसू-लोळू नये.

४. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून साबणाने आंघोळ करावी. काखा, जांघा, कानामागे नीट बघावे. पिल्लू तिळाहूनही बारीक असते.

५. गोचीड दिसल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, बोटांनी चिरडू नये. जागा साबणाने धुवावी.

ज्यांच्या घरी वाचणारे कोणी नाही त्यांना हे चार शब्द वाचून दाखवावेत, अशी सर्व सभासदांना आमची विनंती आहे.